रिकाम्या टाक्यांचं विमान

“...पण मग परत येतानाच का उलटतं?”

अविराजनं हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला. बुवानं दाभणात सुतळी ओवली, उरलेलं टोक दातानं तोडलं आणि मांडीवरची केशरी कापडी नळी पुढं ओढली. वाऱ्याची दिशा दाखवणारी ती नळी कालच्या वावटळीत उभी फाटली होती.

“जाताना कसं जातं?” बुवानं विचारलं.

“सरळ. सुतात.”

“आणि येताना?”

“तेच तर विचारतोय की.”

बुवा शिवत राहिला.

बुवा म्हणजे ज्ञानोबा इंगवले. वय सदुसष्ट. तालुक्याच्या गावाबाहेर माळावर जी धावपट्टी आहे तिचा राखणदार. ही धावपट्टी एका मंत्र्याच्या सोयीसाठी झाली. मंत्री दोनदा तिच्यावर उतरला, मग निवडणुकीत पडला, आणि तेव्हापासून तिच्यावर लोक मका वाळवतात. त्याआधी पंचवीस वर्षं बुवा एका ग्लायडिंग क्लबात मेकॅनिक होता. आता राखणदाराच्या खोलीत एक चटई, दोन खुर्च्या, एक स्टोव्ह, पाण्याचा माठ आणि जुने सुटे भाग जोडून स्वतः उभा केलेला एक कॉम्प्युटर. त्याच्यावर म्हातारा एकच गेम खेळायचा. अंतराळयानं बांधायची आणि उडवायची.

त्या गेमच्या मराठी ग्रुपवर पन्नासेक पोरं होती. कुणाचं यान फुटलं, भरकटलं, जळालं की तो इंगवल्यांना विचारायचा आणि ते दोन शब्दांत उत्तर द्यायचे. पोरांनीच त्यांचा बुवा करून टाकला. म्हाताऱ्यानं त्याला होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

अविराज मगदूम मात्र उत्तर मागायला आला नव्हता. गेममध्येच चूक आहे, एवढं बुवाच्या तोंडून वदवून घ्यायला तो दोन एसट्या बदलून, शेवटचे तीन किलोमीटर उन्हात तुडवत आला होता. आपल्या बांधणीत खोट असेल, हे त्याच्या डोक्यातच नव्हतं.

त्याच्या विमानाचं नाव होतं मगदूम-एकोणीस. आधीची अठरा फुटली होती. हे एकोणिसावं धावपट्टीवरून साध्या विमानासारखं उठलं, आभाळ फाडून वर गेलं आणि ग्रहाभोवती फिरू लागलं. आत चार अंतराळवीर. आता ते खाली आणून त्याच धावपट्टीवर चाकांवर उतरवायचं, एवढंच राहिलं होतं.

त्या एवढंच राहिलेल्याला चौऱ्याऐंशी दिवस झाले होते.

तो विमान खाली आणायला लागायचा. हवा लागली की विमानाचं नाक डगमगायचं. तो सावरायचा. पुन्हा डगमगायचं, आणि मग एका क्षणात सगळं विमान गर्रकन फिरायचं. फिरलं की तो विमान वर असतानाचा जपून ठेवलेला सेव्ह उघडायचा. विमान परत वर, चौघे परत जागच्या जागी. असं एकशे त्रेचाळीस वेळा झालं होतं. आकडा त्यानं भिंतीवर पेन्सिलीनं लिहून ठेवला होता.

दुसरं यान पाठव आणि माणसं काढून घे, असं ग्रुपवर सगळ्यांनी सुचवून झालं होतं. तेही जमण्यासारखं नव्हतं. विमानाला दार एकच होतं आणि नाकाजवळचा छोटा पंख अविराजनं नेमका त्या दारावर बसवला होता. दार उघडतच नव्हतं. यावर ग्रुपवर आठवडाभर हसणं चाललं. कुणीतरी लिहिलं, मगदूमनं माणसं वर पाठवून बाहेरून कडी लावली. अविराजनं त्या पोराला शिवी घातली आणि मग दोन दिवस कुणाशी बोलला नाही.

ग्रुपवर कुणालाच माहीत नव्हतं ते वेगळंच होतं.

अविराज विमानाचं इंजिनिअरिंग शिकत होता. तिसऱ्या वर्षी चार विषय राहिले. विभागप्रमुखांनी बोलावून सांगितलं की तुझ्यासारख्यांनी दुसऱ्याची जागा अडवू नये. तेवढं सांगून त्यांनी चहा मागवला, स्वतःपुरता. अविराज हॉस्टेलची खोली सोडून घरी आला तो आलाच. वडील माध्यमिक शाळेत मुख्याध्यापक. आयुष्यभर पोरांना खरं बोलायला शिकवणारा माणूस गेले आठ महिने पाहुण्यांना सांगत होता की अवि प्रोजेक्टसाठी घरी आलाय.

राहिलेल्या विषयांचा फॉर्म भरायची मुदत उद्या संपत होती. अविराजनं स्वतःशी ठरवून टाकलं होतं. एकोणीस चाकांवर उतरलं, चौघे सुखरूप आले, तर फॉर्म भरायचा. नाही उतरलं तर नाही. मग वडिलांच्या ओळखीतल्या पाइपांच्या दुकानात बसायचं, आणि पाइप विकत विकत म्हातारं व्हायचं.

येड्यासारखी पैज होती. पण बाकी कशावर लावणार, त्याच्याकडं दुसरं काही उभंच नव्हतं.

“गेमची चूक आहे,” तो बुवाला म्हणाला. “वर जाताना जे विमान सरळ जातं, तेच येताना उलटतं. विमान तेच, पंख तेच. हवा तरी वेगळी असते काय?”

बुवानं दाभण कापडात खोचून ठेवलं. उठला, खुर्ची ओढली, कॉम्प्युटर सुरू केला.

“दाव.”

अविराजनं पेन ड्राइव्ह लावला. आधी विमानं जिथं जोडतात ती गेममधली शेड उघडली. मगदूम-एकोणीस पडद्यावर उभं राहिलं. खरोखर देखणं होतं. लांब निमुळतं अंग, मागं सरकवलेले पंख, शेपटाला तीन इंजिनं. बुवा बराच वेळ नुसता बघत राहिला.

“गोळे दाव.”

अविराजनं बटण दाबलं. विमानाच्या पोटात दोन गोळे उमटले. पिवळा म्हणजे विमानाच्या सगळ्या वजनाचा मध्य. निळा म्हणजे हवा विमानाला जिथून उचलून धरते ती जागा. पिवळा पुढं आणि निळा थोडा मागं असला की विमान सरळ राहतं. या गेममधलं शेंबडं पोरगंही हे जाणतं. एकोणीसमध्ये पिवळा पुढं होता. वीतभर पुढं.

“बघा,” अविराज म्हणाला. त्याच्या आवाजात जरा ताठा होता. “तीन आठवडे फक्त ह्याच्यावर घालवले.”

बुवानं माउस हातात घेतला. पहिल्या टाकीवर गेला. इंधनाची पट्टी पकडली आणि सावकाश डावीकडं ओढली. टाकी रिकामी.

दुसरी टाकी. रिकामी.

तिसरी.

पिवळा गोळा हलू लागला. प्रत्येक टाकीगणिक थोडा थोडा मागं. चौथी टाकी रिकामी झाली आणि तो निळ्याला येऊन चिकटला. पाचवीला त्याला ओलांडून शेपटाकडं गेला, तिथं जड इंजिनांपाशी जाऊन थांबला.

...



अविराज पडद्याकडं बघत राहिला. त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. शेडमध्ये विमान नेहमी भरल्या टाक्यांचंच उभं असतं. त्यानं तीन आठवडे भरल्या टाक्यांचं विमान तोललं होतं. वर जाताना टाक्या भरलेल्या असतात. येताना नसतात.

“रिकामं कधी बघितलंस?” बुवानं विचारलं.

“...नाही.”

“हं.”

अविराजनं घाईघाईनं विचारलं, आता जेवढं इंधन उरलंय ते पुढच्या टाकीत ओढून घेतलं तर? बुवानं उलट विचारलं, वेग मोडून खाली यायला किती लागेल? अविराजनं मनातल्या मनात हिशोब केला. जेवढं उरलं होतं तेवढंच लागणार होतं. खाली यायचं तर ते जाळायला हवं, आणि जाळलं की पुढं ओढायला थेंब राहत नाही.

“म्हणजे शेडमध्ये दुरुस्त होईल,” अविराज म्हणाला. “पुढचं बांधीन ते नीट होईल.”

“व्हईल.”

“पण वर आहे त्याचं काय?”

बुवानं माउस बाजूला सारला.

“वर आहे त्याचं काय, बुवा?”

“वर गेलेल्याला शेड न्हाई.”

अविराज ताडकन उठला. खोलीच्या दारापर्यंत गेला, परत आला. मग त्याच्या तोंडाला बांध राहिला नाही. तुम्हा मोठ्या माणसांचं हे असंच असतं, म्हणाला. एखादा वर जाऊन अडकला की मग पाय हलवत शहाणपण सांगायला बसता. तो जमिनीवर असतो तेव्हा सगळ्यांची तोंडं शिवलेली असतात. विभागप्रमुख तसेच, बाप तसाच, आणि माळावर मका राखणारे बुवाही तसेच. स्वतः आयुष्यात काय उडवलंत, म्हणाला.

“काय न्हाई,” बुवा म्हणाला. “मी मेकॅनिक. जिमिनीवरच.”

चिडलेल्या माणसाला असलं उत्तर फार झोंबतं. अविराजला ओरडायला जागाच उरली नाही. तो हळू आवाजात म्हणाला,

“एकोणीस वर गेलं त्या दिवशी मी ग्रुपवर व्हिडिओ टाकला होता. तुम्ही बघितलात?”

“बघितला.”

“तेव्हा तुम्हाला दिसलं होतं?”

बुवानं बोटांवरची सुतळीची तुसं झटकली.

“दिसलं हुतं.”

“मग?”

“अंगठा दिला.”

“...का?”

“सगळे देत हुते.”

अविराजला वाटलं, म्हातारा आता काहीतरी पुढं बोलेल. सफाई देईल, निदान नजर चुकवेल. म्हाताऱ्यानं तेही केलं नाही. तसाच त्याच्याकडं बघत बसला, जुन्या लाकडासारखा.

अविराजला चौकातला फ्लेक्स आठवला. त्याला प्रवेश मिळाला तेव्हा गल्लीनं लावला होता. त्याचा पासपोर्ट साइज फोटो फुगवून केवढा तरी केलेला, मागं एक जेट विमान, खाली बावीस शुभेच्छुकांची नावं. त्या बाविसांतला एकही जण गेल्या आठ महिन्यांत घरी फिरकला नव्हता. रस्त्यात भेटले की विचारायचे, काय मग, कधी उडवताय विमान?

तो परत खुर्चीत बसला.

“आणू का खाली?” तो म्हणाला. “एकशे चव्वेचाळिसावी खेप. तुमच्यासमोर उलटू दे.”

“आण.”

त्यानं सेव्ह उघडला. काळं आभाळ, खाली निळ्या ग्रहाची कड, आणि मधे एकोणीस. पडद्याच्या कोपऱ्यात चार छोट्या चौकटी आणि चौकटींत चार चेहरे. दोघे पुढच्या खोलीत, दोघे मागच्या. त्यांतला एक जण काही झालं तरी हसत असायचा. गेमनं त्याला तसंच बनवलं होतं.

अविराजनं विमान फिरवलं, उरलेलं इंधन जाळलं. टाक्यांचे आकडे शून्यावर आले. विमान खाली उतरू लागलं. हवा लागली, पंखांच्या कडा तांबूस झाल्या. नाक डावीकडं सरकलं. अविराजनं उजवीकडं ओढलं. ऑटोपायलट त्याच्या बरोबरीनं झटत होता, शेपटाच्या झडपा पिसाटल्यासारख्या वरखाली होत होत्या. नाक उजवीकडं गेलं. त्यानं डावीकडं ओढलं. दोन्ही हात कीबोर्डवर, जबडा आवळलेला.

“इथं,” तो दातांतून म्हणाला. “दर वेळी इथंच.”

बुवानं हात लांब केला आणि एकच बटण दाबलं. ऑटोपायलट बंद.

मग त्यानं अविराजची दोन्ही मनगटं धरली. जोर लावला नाही, दम दिला नाही. तान्ह्या पोराच्या मुठीतून एखादी वस्तू सोडवावी तसे त्याचे हात कीबोर्डवरून उचलले आणि त्याच्याच मांडीवर ठेवले.

विमान गर्रकन फिरलं.

अविराजचा हात सवयीनं सेव्ह उघडायच्या बटणाकडं निघाला. मनगट बुवाच्या हातातच होतं.

“फुडं बघितलाईस कधी?”

“...फुटतंच ना पुढं.”

“बघितलाईस?”

नव्हतं बघितलं. एकशे त्रेचाळीस वेळा विमान फिरलं आणि एकशे त्रेचाळीस वेळा त्यानं तिथंच डोळे मिटल्यासारखं बटण दाबलं. फिरल्यानंतर काय होतं, हे त्यानं आजवर पाहिलंच नव्हतं.

विमान फिरलं, एकदा डुललं, परत डुललं, आणि थांबलं.

शेपूट खाली. नाक वर, आल्या वाटेकडं. तीन इंजिनं आगीत, आणि सगळं अंग त्यांच्यामागं सुतात. जराही डगमग नाही. चौऱ्याऐंशी दिवसांत ते विमान इतकं शांत कधी दिसलं नव्हतं.

“हे...” अविराज म्हणाला, आणि पडद्याकडं झुकला.

“कोण म्हणतंय उलटतंय,” बुवा म्हणाला. “त्याचं सुलटं हेच हाय. तूच त्येला धरून ठेवलावतास.”

आग वाढली. पहिलं इंजिन फुटून सुटलं. मग तिसरं. पंखांच्या कडा गळून गेल्या. अविराजनं दोनदा हात सोडवायचा प्रयत्न केला आणि दोनदा स्वतःच सैल सोडला. धावपट्टी कुठल्या कुठं राहिली होती. खाली समुद्र होता. विमान पाठमोरं, मुकाट, त्याच्यावर कोसळत होतं. चौकटींतले तीन चेहरे भेदरलेले. चौथा हसत होता.

शेपूट पाण्यावर आदळलं. मधलं इंजिन, टाक्या, मागची खोली, सगळं एकामागून एक फुटत गेलं. पडदा पांढरा झाला.

...

पाणी खाली बसलं तेव्हा नाकाचा तुकडा लाटांवर तरंगत होता. आडवा, काळा पडलेला. पंख नाहीत, चाकं नाहीत. ज्याला विमान म्हणावं असं काही उरलं नव्हतं.

कोपऱ्यात चार चौकटी होत्या. दोन करड्या झाल्या होत्या. उरलेल्या दोघांत तो हसणारा नव्हता.

बुवानं मनगटं सोडली.

बाहेर कुणीतरी ट्रॅक्टरवरून आलं आणि आज मका उचलू की उद्या, असं ओरडून विचारलं. बुवानं बसल्या जागेवरून उद्या म्हणून सांगितलं. ट्रॅक्टर वळून गेला.

मग अविराजनं सगळं सांगून टाकलं. चार विषय, फॉर्म, उद्याची मुदत, स्वतःशी लावलेली पैज. चाकांवर उतरलं तर, चौघे आले तर. तो बुवाकडं न बघता, पाण्यावरच्या त्या तुकड्याकडं बघत सांगत होता. आवाज सपाट होता. रडला असता तर बरं झालं असतं, असा सपाट.

बुवानं ऐकलं. खांद्यावर हात ठेवला नाही. खुर्चीवरून उठून परत चटईवर बसला आणि कापडात खोचलेलं दाभण काढून शिवू लागला.

अविराजनं बोट सेव्ह उघडायच्या बटणावर ठेवलं.

“हे दाबलं की चौघे परत वर,” तो म्हणाला.

“व्हय.”

“नाही दाबलं तर दोन.”

“दोन.”

“मागच्या खोलीतले दोघे माझ्यामुळं गेले. टाक्या मी बघितल्या नाहीत. आणि दिसत असून तुम्ही बोलला नाहीत.”

“व्हय.”

“निदान एवढं तरी सांगा. दाबू का नको?”

दाभण कापडातून आरपार गेलं, सुतळी सरसरत मागून आली.

“सांगा की,” अविराज म्हणाला. “काही झालं तरी वर चौघे जिवंत होते, बुवा.”

बुवानं सुतळीला गाठ मारली.

“वर मेलं न्हवतं कुणी,” तो म्हणाला. “जगत कोण हुतं?”